झोन दिसला, पुढे काय?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

ताई, मी २५ वर्षांची आहे, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. माझ्यापुढे दोन वाटा आहेत. समुद्री स्पंज आणि इतर प्राण्यांमधून नवी प्रतिजैविकं शोधणाऱ्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी., किंवा इंजेक्शनं बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलची कायम नोकरी. महिनाभरात उत्तर द्यायचं आहे. दोन वर्षांपूर्वी माझी आत्या ऑपरेशननंतरच्या जंतुसंसर्गानं गेली. एकही अँटिबायोटिक लागू पडलं नाही. तेव्हापासून वाटतं, एवढ्या मोठ्या समुद्रात याचं उत्तर असणारच, आणि मी नोकरीत रिपोर्टांवर सह्या करत बसले तर ते पाप होईल. पण प्राणी मारून औषध काढायचं हेही मनाला पटत नाही. घरचे विचारतात, पाच वर्षं घालवून हाती काय लागणार? त्यातच आईला वर्षात तिसऱ्यांदा लघवीचा संसर्ग झालाय. भावानं ‘शार्कमधलं नैसर्गिक अँटिबायोटिक’ म्हणून कॅप्सूल आणल्यात आणि म्हणतो, तू यातलीच ना, मग सांग, द्यायच्या का?

प्रिय मैत्रिणी,

आईचं आधी बघू, कारण ते महिनाभर थांबणार नाही.

त्या कॅप्सूल देऊ नकोस. बाटलीवरचं बारीक अक्षर वाच. बहुधा ‘शार्कच्या यकृताचं तेल’ असेल आणि खाली कुठेतरी स्क्वालीन. आता गोंधळ कुठे होतो बघ. मायकेल झॅसलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली डॉगफिश जातीच्या छोट्या शार्कच्या पोटातून एक जंतुनाशक रेणू काढला. त्याचं नाव स्क्वालामीन. स्क्वालीन आणि स्क्वालामीन ही दोन्ही नावं शार्कच्या ‘स्क्वालस’ या लॅटिन नावावरून आली, म्हणून कानाला सख्खी भावंडं वाटतात. पण स्क्वालीन हे साधं तेल आहे, आपल्या त्वचेवरच्या तेलातही ते असतं. लघवीतल्या जंतूंना त्याची काही पडलेली नाही. आणि ज्याचा गवगवा झाला त्या स्क्वालामीनचंही जंतुसंसर्गावरचं औषध अजून झालेलं नाही. म्हणजे भावानं आणलं ते खरं नव्हे, आणि खरं ते मिळत नाही.

आईसाठी करायचं ते जुनंच आहे, फक्त नीट करायचं. अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी लघवीचं कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जंतू कोणता आणि त्यावर कोणतं औषध चालतं याची तपासणी. आधीच्या दोन वेळचे रिपोर्ट शोधून काढ आणि डॉक्टरांपुढे तिन्ही शेजारी ठेव. तिन्ही वेळा तोच जंतू आहे की दरवेळी वेगळा, यावर पुढचं बरंच ठरतं. पुन्हा पुन्हा का होतंय हे स्पष्ट विचार: साखर, मुतखडा, मूत्राशय पूर्ण रिकामं न होणं, पाळी गेल्यानंतरचे बदल. गेल्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घरात असतील तर त्या आजच बाजूला काढ. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या किंवा बोलण्यात असंबद्धपणा यातलं काही दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे मी ज्यांच्या घरी अशी बाटली आलीय त्या सगळ्यांनाच सांगतेय. या सदराला शार्कवरची पत्रं वाटतात त्याहून जास्त येतात.

आता तुझं.

तुझ्या पत्रातलं ‘उत्तर असणारच’ मी दोनदा वाचलं. आशा चुकीची नाही, तिला भक्कम कारणं आहेत. स्पंजाचंच घे. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही. आयुष्यभर एका जागी बसून तो अंगातून पाणी गाळत राहतो. मोठा स्पंज दिवसाला हजारो लिटर पाणी गाळतो. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख बॅक्टेरिया असतात. म्हणजे जंतूंचा लोंढाच त्याच्या अंगातून वाहतोय, तरी तो सडत नाही. त्याच्याकडे, शिंपल्यांकडे, वाळूत बिळं करणाऱ्या लगवर्मकडे आपल्यासारख्या अँटिबॉडीज नाहीत. त्यांची सगळी भिस्त उपजत हत्यारांवर, त्यांत प्रथिनांचे छोटे तुकडेही आले. लगवर्ममधून अरेनिसिन सापडलं, हॉर्सशू क्रॅब या नालेच्या आकाराचं कवच असलेल्या समुद्री प्राण्याच्या रक्तपेशींतून १९८८ साली टॅकिप्लेसिन, कोळंबीतून पेनीडिन. यादी लांबलचक आहे आणि दरवर्षी वाढते.

पण आता दुसरी यादी कर: यातली किती औषधं औषधाच्या दुकानात पोचली? समुद्री प्राण्यातून निघालेलं आणि बॅक्टेरियावर चालणारं, डॉक्टर चिठ्ठीवर लिहितील असं औषध आजवर एकही नाही. विषाणूंवरचं आहे. वर्नर बर्गमन यांना कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात १९५० च्या सुमारास विचित्र न्यूक्लिओसाइड, म्हणजे डीएनए-आरएनए ज्यांपासून बनतात तसे रेणू, सापडले. नेहमीच्या रायबोजऐवजी त्यांत अरॅबिनोज साखर होती. त्यावर बेतलेलं सायटारबीन १९६९ साली रक्ताच्या कर्करोगावर आलं, आणि विडारबीन १९७६ साली नागिणीच्या कुळातल्या विषाणूंवर. कर्करोग आणि वेदना यांवरची समुद्री औषधं त्यानंतर आणखी आली. बॅक्टेरियाच्या रकान्यात मात्र रेघ.

(एक गंमत. समुद्राशी नातं सांगणारं सगळ्यात यशस्वी प्रतिजैविकांचं घराणं सेफॅलोस्पोरिनचं. ते निघालं एका बुरशीतून. जुझेप्पे ब्रोत्झू यांना ती १९४५ साली सार्डिनियातल्या काल्यारी इथं मिळाली, शहराचं सांडपाणी समुद्रात पडतं त्या तोंडाशी. प्रवाळांच्या निळाईत नाही, गटारात.)

रेणूंचा दुष्काळ आहे असं तू धरून चालली आहेस. दुष्काळ रेणूंचा नाहीच. रेणू सापडल्यानंतरची वाट लांब आहे आणि तिच्यावर माणसं टिकत नाहीत. पीएच.डी. घ्यावी का, हे त्या वाटेवर तुला करमेल का, यावर ठरव.

ती वाट कशी असते ते माझ्याच फजितीवरून सांगते. मी तरुणपणी एका प्रयोगशाळेत स्पंजाचे अर्क तपासायचे. जंतू वाढवायच्या आगार प्लेटवर स्टॅफिलोकॉकस जंतूंचा थर पसरायचा, मेथॅनॉलमध्ये काढलेल्या अर्कात भिजवलेल्या कागदी चकत्या त्यावर ठेवायच्या, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. एका सकाळी चकतीभोवती स्वच्छ, काचेसारखं कडं, चांगलं मोठं. जंतू मेलेलं हे कडं म्हणजेच झोन. मी प्लेट हातात घेऊन सगळ्या मजल्यावर फिरले. दुपारी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, “नुसत्या मेथॅनॉलची चकती कुठाय?” ती मी ठेवलीच नव्हती. ठेवली तेव्हा तिच्याभोवतीही कडं आलं. चकत्या पुरत्या सुकल्याच नव्हत्या. जंतू मेले होते ते मेथॅनॉलनं.

दुसऱ्या वेळी झोन खरा होता. मी नऊ महिने त्याच्यामागे होते. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पुन्हा प्लेटवर, जो चालेल त्याचे पुन्हा भाग. शेवटी पांढऱ्या भुकटीचा नखाएवढा ढीग उरला. मास स्पेक काढला, म्हणजे रेणूचं वजन मोजून ओळख पटवली, तर ब्रोमिनवाला एक रेणू, रसायनवाल्यांना माझ्या जन्माआधीपासून ठाऊक असलेला. या क्षेत्रात हे इतकं नेहमीचं आहे, की ओळखीचे रेणू आधीच चाळून बाजूला काढणं हे आता एक वेगळं कामच झालंय. तुझ्या होणाऱ्या गाइडना विचार, ते काम त्यांच्याकडे कितव्या आठवड्यात होतं. ‘शेवटी बघू’ असं उत्तर आलं तर माझे नऊ महिने आठव.

आणि समज, रेणू नवा निघाला. मग कळतं, तो जंतूच्या आवरणाला भोक पाडतो तसं आपल्या तांबड्या पेशींनाही पाडतो. मघाशी सांगितलेले ते प्रथिनांचे तुकडे धन प्रभाराचे, बॅक्टेरियाचं आवरण ऋण प्रभाराचं, म्हणून ते तिकडे ओढले जातात. पण डोस वाढवला की भेद पुसट होतो. टॅकिप्लेसिनची हीच अडचण आहे. तोंडावाटे दिलं तर पोट त्यांना सरळ पचवून टाकतं. अरेनिसिनमधली अमिनो आम्लं बदलून बदलून विषारीपणा कमी करण्यात लोकांनी वर्षं घातलीत. शिवाय समुद्रातून आलं म्हणून जंतू त्याला कायम भोळेपणानं बळी पडेल असंही नाही. ३०,००० वर्षं गोठलेल्या जमिनीतल्या डीएनएमध्ये व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारी जनुकं सापडली आहेत, २०११ साली हे प्रसिद्ध झालं. माणसानं पहिली गोळी बनवण्याच्या कितीतरी आधीची ही भांडणं आहेत.

शेवटची खिंड पैशांची. नवं प्रतिजैविक मंजूर झालं की डॉक्टर ते कपाटात राखून ठेवतात, आणि तेच बरोबर आहे. पण मग विकलं काय जाणार? अकेओजेन या कंपनीच्या प्लाझोमायसिनला २०१८ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि २०१९ साली कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. औषध चाललं, कंपनी नाही चालली. त्याच २०१९ साली औषधांना न जुमानणाऱ्या बॅक्टेरियांनी जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट नेली, असा अंदाज आहे. तुझ्या आत्यासारखी.

आत्याचं नाव काढलंच आहे तर एक कडू गोष्ट सांगून टाकते. तिला नेणाऱ्या जंतूवरचं औषध तुझ्या प्रबंधातून निघण्याची शक्यता जवळजवळ नाही. हे आज मान्य करून पीएच.डी. घेतलीस तर ती आनंदानं करशील. मान्य न करता घेतलीस तर तिसऱ्या वर्षी प्रत्येक कोरी प्लेट तुला आत्याशी केलेली फसवणूक वाटेल. दुःखातून कामाला लागलेली बरीच मुलं मी पाहिली. जी टिकली त्यांना दुःखाच्या जोडीला त्या कामातलं काहीतरी क्षुल्लक मनापासून आवडत होतं. एकीला क्रोमॅटोग्राफीच्या नळीतून रंग वेगळे होताना बघायला आवडायचं. एवढंच. तुझं असं काय आहे? पत्रात ते कुठे दिसलं नाही.

आता प्राणी मारण्याचं. इथं तुला दिलासा आहे आणि एक धक्काही.

दिलासा असा, की प्राण्यातून सापडलेला रेणू बऱ्याचदा प्राण्याचा नसतोच. थिओनेला नावाच्या स्पंजातून कितीतरी प्रभावी रेणू निघाले होते. २०१४ साली दिसून आलं, की ते जवळपास सगळे बनवणारा त्याच्या अंगात राहणारा एकच बॅक्टेरिया आहे, एन्टोथिओनेला. २०२० साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटानं टर्बिनमायसिन जाहीर केलं. ते अनेक औषधांना दाद न देणाऱ्या कँडिडा ऑरिस बुरशीवर उंदरांमध्ये चाललं. सापडलं कुठे, तर सी स्क्वर्टमध्ये, म्हणजे फ्लोरिडाच्या समुद्रात चिकटून राहणारा, पिशवीसारखा, दाबला की पाण्याची पिचकारी मारणारा प्राणी. पण बनवणारा त्याच्यातला मायक्रोमोनोस्पोरा. तो बॅक्टेरिया प्रयोगशाळेत वाढतो. प्राणी समुद्रात, बॅक्टेरिया फ्लास्कमध्ये, आणि पुढचं सगळं काम फ्लास्कवर.

मारून औषध काढणं तसंही परवडत नाही. न्यूझीलंडच्या समुद्रातून एक टन स्पंज काढला तेव्हा हॅलिकॉन्ड्रिन बी हा रेणू जेमतेम ३०० मिलिग्रॅमच्या आसपास मिळाला. शेवटी रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा महत्त्वाचा अर्धा भाग साठाहून अधिक टप्प्यांत बनवला, आणि २०१० साली तो एरिब्युलिन या नावानं कर्करोगावर आला. डॉगफिशची मादी पिल्लं पोटात जवळजवळ दोन वर्षं वाढवते. तिच्या जिवावर कुठलं औषध चालणार होतं? स्क्वालामीनही म्हणूनच प्रयोगशाळेत बनवतात.

म्हणजे हा प्रश्न तत्त्वाचा कमी आणि त्या विशिष्ट प्रयोगशाळेचा जास्त आहे. अंगठ्याएवढा तुकडा कापून स्पंज जागेवर सोडतात, की पोती भरून आणतात? तो तुकडा थेट अल्कोहोलमध्ये जातो, की आधी त्यातले सूक्ष्मजीव वाढवून −८० अंशांच्या फ्रीझरमध्ये जपतात? गोळा करण्याची लेखी परवानगी आहे का, आणि ज्या देशाच्या पाण्यातून आणलं त्याच्याशी लाभ वाटून घेण्याचा करार आहे का? याच लाभवाटपाचा आंतरराष्ट्रीय नागोया करार २०१४ पासून लागू आहे. तो पाळला नसेल तर चांगला रेणूही कागदांत अडकून पडतो, आणि त्याच्याबरोबर तुझा प्रबंध.

धक्का असा. तू जी ‘रिपोर्टांवर सह्या’वाली नोकरी समुद्रापासून दूर समजतेस, तिथं पहिल्याच आठवड्यात तुझ्या हाती बहुधा समुद्री प्राण्याचं रक्त येईल. इंजेक्शनात बॅक्टेरियांचं एंडोटॉक्सिन, म्हणजे त्यांच्या आवरणातलं विष, राहिलं तर रुग्णाला थंडी-ताप भरतो, प्रसंगी जीव जातो. ते तपासायला वापरतात ते एलएएल हॉर्सशू क्रॅबच्या निळ्या रक्तातल्या पेशींपासून बनतं. अमेरिकेत त्याला १९७७ पासून मान्यता आहे. छोट्या नळीत नमुना आणि एलएएल घालायचं, ३७ अंशांवर तासभर ठेवायचं, मग नळी हळूच उलटी करायची. आतलं ओघळून खाली आलं तर बॅच पास. गोळा होऊन तळाशी तसंच चिकटून राहिलं तर नापास. रक्त काढून त्या प्राण्यांना परत समुद्रात सोडतात, पण त्यातले काही मरतात. आता त्या रक्तपेशींतल्या एंडोटॉक्सिन ओळखणाऱ्या प्रथिनाची प्रयोगशाळेत बनवलेली आवृत्ती मिळते, रिकॉम्बिनंट फॅक्टर सी. बऱ्याच कंपन्या अजून जुन्यावरच आहेत, कारण पद्धत बदलायची तर प्रत्येक उत्पादनासाठी नव्यानं सिद्ध करून दाखवावी लागते. ते किचकट, कंटाळवाणं काम कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं. त्या टेबलावर तू असलीस तर एखाद्या पीएच.डी.पेक्षा जास्त प्राणी वाचवशील. आणि एखादी बॅच वेळेवर अडवलीस तर कुणाची तरी आत्याही. मग ‘पाप’ हा शब्द खोडून टाकशील ना?

माझा कल कुठे, तर पीएच.डी.कडे, पण सशर्त. गाइडना भेट आणि त्यांच्याविना त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना गाठ. एक जो सध्या या क्षेत्रात आहे आणि एक जो सोडून गेला. सोडून गेलेला जास्त उपयोगाचं सांगेल. बघ की रचना ओळखणारा रसायनशास्त्रज्ञ त्याच इमारतीत आहे की नमुने बाहेर पाठवून महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. जीनोम वाचून औषध बनवणारे जनुकांचे पुंजके शोधायला शिकवतात का, हेही बघ. घरच्यांच्या ‘हाती काय लागणार’ला हेच उत्तर आहे: रेणू नाही लागला तरी मास स्पेक, जीनोमचं विश्लेषण, अवघड सूक्ष्मजीव वाढवण्याचा हात हे लागेल. त्यावर पुढे नोकरी मिळते, कदाचित त्याच कंपनीत वरच्या खुर्चीवर. विषय असा आखायला सांग की सगळे नमुने कोरे निघाले तरी प्रबंध उभा राहील. ‘या स्पंजात कोणते सूक्ष्मजीव राहतात आणि त्यातले कोणते वाढवता येतात’ या प्रश्नाला काही ना काही उत्तर येतंच. ‘नवं प्रतिजैविक शोधा’ला येईलच असं नाही.

यातलं निम्मंही जुळलं नाही, तर नोकरी घे. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करता येतो, आणि तोवर तू कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठीची अर्काविना ठेवायची, चकती विसरणार नाहीस हे मी लिहून देते.

घरात आजारी माणूस असताना मोठा निर्णय घ्यायची वेळ आली की दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात, हे तुझ्यासारख्या परिस्थितीतल्या सगळ्यांनाच होतं. म्हणून क्रम लावून घे. या आठवड्यात आईचं कल्चर. पुढच्या आठवड्यात तीन-चार दिवस त्या प्रयोगशाळेत नुसतं बसायची परवानगी माग. काही करू नकोस, बघ. झोन आलेल्या सकाळी सगळे गोळा होतात, ती सकाळ सोडून दे. काहीच न आलेल्या सकाळी तिथले लोक काय करतात, चहा पीत कुरकुरतात की प्लेटा धुऊन पुढची चकती सुकवायला घेतात, ते पाहून मला लिही.